शेवटचा वाफा

धुळे तालुक्यात एक गाईड होता. गोष्टीत त्याला नाव नको, कारण नाव दिलं की आपल्याकडे लोक गोष्ट सोडून आडनाव विचारत बसतात. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. माणसं गोष्टीतली आहेत. ठिकाणं खरी, ज्याला वाटेल त्यानं जाऊन बघावीत.

भाऊ बी.कॉम. झालेला. पुण्यात काही वर्षं लोकांची पार्सलं घरोघर पोचवली, मग बापाच्या आजारपणात गावी आला तो परत गेलाच नाही. जीभ गोड, स्मरणशक्ती दांडगी. खान्देशची एका दिवसाची सहल काढायची कल्पना त्याचीच. दिवाळी झाली की सुरू करायची आणि शिवरात्रीला बंद, कारण पुढे खान्देशचं ऊन कुणाची भीड धरत नाही. पहाटे सहाला जळगावहून गाडी निघायची. एरंडोल, पारोळा मागं टाकत नव्वदेक किलोमीटरवर धुळे, तिथून दहा किलोमीटरवर लळिंगचा किल्ला, मग पांझरेकाठच्या एका गावी फडाची शेती, दुपारी भरीत आणि शेवटी तांब्या-पितळेच्या भांड्यांचं सोनगीर. परतीला अमळनेर-धरणगाव. माणशी 1200 रुपये, चहा-नाश्ता-जेवण त्यातच.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी गाडीत अठरा माणसं होती. जळगावच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणत. बँकेतली दोन कुटुंबं पोराबाळांसह. कॉलेजातले काही मास्तर. आणि यावलकडचे एक केळीवाले आप्पा, सोबत काकू. आप्पांना किल्ल्याबिल्ल्यात रस नव्हता. लेकानं पैसे भरले होते म्हणून आले होते.

भाऊ बोलायला लागला की गाडीतले मोबाइल खाली जायचे, हे कबूल केलं पाहिजे. धुळ्यात शिरताना त्यानं सांगितलं, की कॅप्टन ब्रिग्जनं 1819 मध्ये जिल्ह्याचं ठाणं इथं आणलं तेव्हा हे शहर आजच्यासारखं नव्हतंच; सरळ रेघेतले रस्ते त्यानं आखून घेतले. 1906 मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. इतिहासाचार्य राजवाडे इथंच 31 डिसेंबर 1926 ला गेले आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. ‘‘आमच्या गावात माणूस मेला तरी त्याचे कागद मरत नाहीत,’’ असं तो म्हणायचा आणि मास्तर मंडळी खूश व्हायची.

लळिंगच्या पायथ्याशी हेमाडपंती महादेवाचं देऊळ आहे. देवळाजवळ एक म्हातारी टोपलीत बोरं घेऊन बसायची. पोरं तिकडे वळली तसा भाऊ घाईनं म्हणाला, ‘‘इथं नको, पुढं स्वच्छ ठिकाणी घेऊ.’’ पोरं वळली तशी परत आली.

चढताना त्यानं अंजनाचं झाड दाखवलं. धुळ्याच्या रानात अंजन भरपूर. देठाला दोन पानं जोडीनं चिकटलेली, आपट्याची धाकटी बहीण शोभावी अशी. लाकूड दगडासारखं जड, पाला गुरांना चालतो, सालीचा दोर होतो. वर पोचल्यावर टाक्यांपाशी बसवून त्यानं फारुकींची गोष्ट रंगवली. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं 1370 मध्ये मलिक राजाला थाळनेरचा मुलूख दिला. 1399 मध्ये तो वारला तेव्हा थाळनेर एका पोराकडे आणि लळिंग दुसऱ्याकडे, नसीरखानाकडे आलं. नसीरखानानं आसा अहिराचा असीरगड कसा घेतला, ते फरिश्त्यानं लिहून ठेवलंय: ‘माझ्या घरच्या बायकांना आसरा द्या,’ असा निरोप धाडला आणि मेण्यांतून उतरले ते हत्यारबंद शिपाई.

‘‘ज्यानं आसरा दिला त्यालाच बुडवलं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘इतिहास असाच असतो बाई,’’ भाऊ म्हणाला आणि सगळ्यांना खाली उतरवायला लागला. वेळापत्रकाच्या बाबतीत तो कडक होता.

फडाच्या गावी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. पांझरेवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला कालवा, कालव्यातून चाऱ्या. जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडवे. अशी व्यवस्था पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं चालत आली आहे. सरकारी पाटबंधारे खातं जन्माला यायच्या कितीतरी आधी लोकांनी आपापसात ठरवून ती चालवली. इंग्रजी राज्यात 1884-85 च्या सुमाराला सरकारी नोकरीत नुकतेच लागलेले विश्वेश्वरय्या याच पांझरेच्या पाण्यासाठी दातर्तीला नळाचं काम करत होते, तेव्हासुद्धा फड जुनेच होते. आता वर धरणं झाली, विहिरी झाल्या, पुष्कळ ठिकाणचे फड आटले. उरलेत ते बघण्यासारखे आहेत, आणि भाऊला ते बघण्यासारखे वाटायचे एवढंच त्याचं फडाशी नातं होतं.

रस्त्यालगत एक चारी होती. तिथं पाणी खळाळत असलं की फोटो झकास यायचे. आज चारी कोरडी. पलीकडे बांधावर खांद्यावर फावडं टाकून फडाला पाणी देणारा पाटकरी चालला होता. साठीचा असेल. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलानं राखाडी.

भाऊनं हाक मारली, ‘‘आबा, जरा इकडं सोडा ना पाणी. पाहुणे आलेत. पाच मिनिटं!’’

पाटकरी थांबला. ‘‘पानी शेवटला वाफामा शे,’’ तो म्हणाला. ‘‘पाळी तोडानी नही.’’

‘‘अहो, पाच मिनिटांनी काय होतं?’’

‘‘तुमले पानी देखानं शे ना? मंग चाला तठे.’’ आणि तो चालू लागला.

तठे म्हणजे उसाच्या कडेकडेनं अर्ध्या किलोमीटरवर. भाऊनं घड्याळ बघितलं, पण आप्पा केव्हाच बांधावर चढले होते. त्यांच्यामागं काकू, मग बाई, मग पोरं. नाइलाजानं भाऊही निघाला.

शेवटी एक लहानसा गव्हाचा तुकडा होता. पाणी तिथं नुकतंच पोचलं होतं. ते काही खळाळत नव्हतं. भेगाळलेल्या जमिनीवरून बोटभर जाडीनं ते पुढं सरकत होतं, भेग आली की आत जायचं, बुडबुडे काढायचं, भेग भरली की पुन्हा पुढं. बिळातले किडे-नाकतोडे जीव घेऊन वर येत होते आणि चार-पाच बगळे पाण्याच्या कडेकडेनं, पाण्याच्याच वेगानं चालत एकेक टिपत होते. बँकवाल्यांची पोरगी उकिडवी बसली ती उठेचना. पाटकऱ्यानं पायानंच एक ढेकूळ सरकवलं, पाण्याचं तोंड डावीकडं वळलं. कोपऱ्यातला चतकोर कोरडा राहिला होता, तिकडं.

‘‘मालक कुठंय?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘एक आजीबाईनं वावर शे. ती घर व्हई.’’

‘‘पाणी भरायचं हाये आन् मालक घरी?’’

‘‘तिले यावानी गरजच नही,’’ पाटकरी म्हणाला. ‘‘पानीले हात मी लावस. दुसरा कोनी नही. ज्यानं वावर त्यानंबी नही.’’

आप्पा मटकन बांधावर बसले. ‘‘ऐक्लं का?’’ ते काकूंना म्हणाले. ‘‘मी तं रातभर मोटरीपाशी झोपतो. लाइट कवा येईन काय नेम हाये? घरात ठिबक हाये, तरी व्हॉल्वच्या पायी सख्ख्या भावाशी चार साल झाले बोलनं नाही.’’ काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. हे ते लोकांसमोर कधी बोलत नसत.

मग बाईंनी खोदून खोदून विचारलं आणि पाटकऱ्यानं, हातातलं काम न सोडता, सांगितलं. गावाचं भिजणारं रान तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक, उसात ऊस, गव्हात गहू. जमीन बहुतेकांची एकाच फडात नसते. थोडी या फडात, थोडी त्या. नदीला पाणी कमी झालं की वाद घालायचा नाही, एखादा फड त्या साली कोरडा ठेवायचा. त्यात सगळ्यांचंच थोडंथोडं जातं, कुणा एकाचं सगळं जात नाही. बंधाऱ्यावर देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या, पाण्याला पाटकरी. पाऊसकाळापूर्वी कालव्याचा गाळ काढायचा तेव्हा घरटी माणूस.

‘‘आणि ही आजी अगदी शेवटाला. तिच्यापर्यंत पाणी पोचलं नाही असं होत नाही?’’

पाटकरी पहिल्यांदाच हसला. ‘‘तिना वाफा भिजना, मंग पाळी व्हयनी. तोपावत पाळी चालूच शे.’’

भाऊनं टाळ्या वाजवून सगळ्यांना गाडीकडं वळवलं. पाटकऱ्याला त्यानं काही दिलं नाही. तशी पद्धतच नव्हती. गाव बघायला कुणी पैसे देतं का?

जेवण हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर. दारात बैलगाडीचं चाक, आत खाटा, भिंतीवर कंदील. भरीत मात्र अस्सल होतं. हिरवी लांबट वांगी काड्यांच्या जाळावर भाजलेली, वर कांद्याची पात, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तेल. सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे भाऊनं सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, ‘‘मानांकन भेटलं, भाव कवा भेटते ते सांग.’’ हशा झाला. ढाब्याचा मालक मागच्या बाजूला भाऊच्या हातात काहीतरी कोंबून गेला. ते कुणी बघितलं असेल-नसेल. बघितलं तरी त्यात विशेष काय? कमिशन हा शब्द आपल्याकडे कुणाला खटकत नाही.

सोनगीरला गाडी रस्त्यावरच्या मोठ्या भांड्यांच्या दुकानापाशी थांबायची. काचेचं दार, आत हंडे, कळश्या, तांबे, समया, पाण्याच्या बाटल्या. आधी दुकान, मग दहा मिनिटांसाठी आत गल्लीत, असा क्रम. गल्लीत तांबटांची मोजकी घरं अजून ठोका धरून आहेत. त्यातले एक नाना भाऊच्या पाहुण्यांसाठी काम करून दाखवायचे. पाहुणे फोटो काढायचे, ‘किती मेहनत हो!’ म्हणायचे, आणि रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेली, कारखान्यात मशिनवर दाबून काढलेली बाटली पिशवीत घालून घरी जायचे. त्या बाटलीवर ठोक्यांचे खड्डेसुद्धा असतात. तेही मशिननंच पाडलेले.

आज नानांची भट्टी थंड होती. ओट्यावर ते नुसतेच बसले होते. मोगरी, हातोडे, सांडस, सगळं एका पोत्यात भरून ठेवलेलं. ऐरण तेवढी जागेवर होती.

‘‘नाना, पाहुणे आलेत. जरा दाखवा ना.’’

‘‘मी ठोकाव नही आज.’’

भाऊ हसला. पाहुण्यांकडं वळून म्हणाला, ‘‘नाना आज रुसलेत.’’ मग हळूच, ‘‘नाना, असं काय करता? तुमचीच जाहिरात होते ना?’’

‘‘दोन साल व्हई गयात जाहिरातले,’’ नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘‘लोके आठे फोटो काढतस, हंडा तठे रोडवर लेतस. कोळसा मन्हा, हात मन्हा, टाइम मन्हा. ढाबाना नंबर लागस, दुकानना नंबर लागस, तुन्हा नंबर त पहिला. मन्हा नंबर कधी लागस, भाऊ?’’

गल्लीत कुणीच बोललं नाही. भाऊनं खिशातून पाचशेची नोट काढली. नानांनी ती बघितली आणि नजर पोत्याकडं वळवली. नोट हातात तशीच राहिली. ती पुढं केलेली वाईट दिसत होती आणि मागं घेतली असती तर त्याहून वाईट दिसली असती. शेवटी आप्पांनी भाऊच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘चाल भो. आज याहिच्या वावरात पानी नाही आलं.’’

परतीच्या वाटेवर भाऊ बोलला नाही. साने गुरुजी जिथं शिक्षक होते ते अमळनेर अंधारात मागं पडलं, त्याची गोष्ट सांगायची राहिली. पुढच्या सीटवर बसून मोबाइलच्या उजेडात त्यानं हिशेब मांडला. जमा 21,600. गाडी आणि डिझेल 8,500. जेवण 4,500. नाश्ता-चहा 1,500. उरले 7,100. वर ढाब्याचे 500 आणि दुकानाचे 1,400. एकूण 9,000. हिशेबात खोट कुठंच नव्हती. फडाच्या गावापुढं मात्र काही लिहिलेलं नव्हतं, बोरांच्या टोपलीपुढं नाही, नानांपुढंही नाही. त्यानं ती नावं लिहिली आणि पुढं शून्य घालायला गेला, पण घातलं नाही. घातलं असतं तरी बेरीज बदलणार नव्हती.

दोन दिवसांनी तो मोटरसायकल काढून एकटाच पांझरेकाठी गेला. पाटकरी चारीतलं गवत कापत होता. ‘या, बसा’ वगैरे काही नाही; त्यानं दुसरा विळा पुढं केला. भाऊनंही तो घेतला. खूप वेळानं त्यानं विचारलं, ‘‘आबा, तुम्हाला पगार कोण देतं?’’

‘‘सगळा मिळीसन.’’

‘‘आणि ज्याची इच्छा नसेल तो?’’

पाटकऱ्याला हा प्रश्नच कळला नाही. मग कळला. ‘‘इच्छावर सोडं त कोनीच देस नही. खळामा माल ऊना का मानूस डोळा फिराई लेस. हाई समदं पानी सोडानं पहिले ठरस. कोनं वावर कितलं, कोनी कितलं देवानं. मंग कोनी उपकार करस नही आन् कोनी हात पसरस नही.’’

भाऊला बाप आठवला. खान्देशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. बाप कंजूष होता, शिवराळ होता, पण आखाजीला ओट्यावर बसून जे बोलायचा ते वर्षभर मोडायचा नाही. आणि सालदारही आजारपणात, लग्नकार्यात, ठरलेलं हक्कानं मागायचा. बापाला दयाळू कुणीच म्हटलं नसतं. त्याच्याकडे सालदार मात्र टिकायचे.

त्याच आठवड्यात तो सोनगीरला गेला. नानांनी अजून पोतं भंगारवाल्याला दिलं नव्हतं. वजनावरून घासाघीस चालली होती. भाऊनं मागच्याबद्दल काही बोलणं काढलं नाही. वही उघडली. सहलीचा दर 1200 चा 1400 करायचा. त्यातले माणशी 150 गल्लीचे, पाहुण्यांनी काही घेतलं काय, न घेतलं काय. पैसे सहलीच्या आदल्या दिवशी. माणशी 50 फडाच्या गावाला, चाऱ्या साफ करायच्या कामाला. दुकानात गाडी थांबणार नाही. भांडी घ्यायची तर गल्लीतच, भाव तांबट सांगेल तो.

‘‘आन् लोके ऊनात नही त?’’ नानांनी विचारलं.

‘‘तर फड कोरडा,’’ भाऊ म्हणाला. नानांना ते समजलं नाही. समजावून सांगायला भाऊही थांबला नाही.

लोक कमी आलेच. दुकानदारानं फोन करून पाच मिनिटं शिव्या दिल्या आणि सहाव्या मिनिटाला कमिशन दीडपट करतो म्हणाला. ढाब्यावाला दुखावला, कारण भाऊनं त्याच्याकडेही कमिशनऐवजी पानामागं वीस रुपये कमी करून मागितले. जळगावात दुसऱ्या कुणीतरी तीच सहल 1,000 रुपयांत सुरू केली. पुढच्या वेळी गाडीत अकराच माणसं होती. त्यातले आप्पा, काकू आणि त्यांच्यासोबत आणखी एक जोडपं. तो आप्पांचा भाऊ होता. बोलणं सुरू झालं होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण दोघंही खिडकीबाहेर बघत होते.

लळिंगला पोरांनी बोरं खाल्ली, बिया गडाच्या वाटेवर फेकल्या. फडात पाणी त्या दिवशी कुठल्या वाफ्यात आहे ते आधी विचारून गाडी तिथंच नेली. सोनगीरला दहा मिनिटांचे दीड तास झाले.

नानांनी तांब्याच्या पत्र्याचा गोल तुकडा भट्टीत धरला. गडद लाल झाला तसा सांडशीनं उचलून पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, ‘‘आता कडक झाला असेल?’’ नाना म्हणाले, ते लोखंडाचं. तांबं तापवून पाण्यात घातलं तरी मऊच राहतं. कडक होतं ते मारानं. ठोकत गेलं की अंग धरतं, फार ठोकलं तर तडकतं, म्हणून पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. काळी पडलेली चकती चिंचेच्या पाण्यात घातली, चोळली, तर आतून गुलाबी निघाली. मग ऐरणीवर ठेवून मधूनच सुरुवात. प्रत्येक ठोका मागच्या ठोक्यावर अर्धा चढलेला. हात वरखाली होत होता आणि चकती डाव्या हातात स्वतःहून फिरल्यासारखी फिरत होती. बघता बघता तिला खोली आली.

आप्पांच्या भावानं हातोडा मागून घेतला. तीन ठोके मारले. तिन्ही तीन ठिकाणी पडले आणि एक खड्डा असा पडला की नानांनी चकती उन्हात धरून बघितली.

‘‘याना पैसा लागतीन,’’ नाना म्हणाले.

‘‘देतो ना. किती?’’

‘‘पत्राना भाव अन् मन्हा दोन ठोकाना.’’

आप्पा खदखदून हसले. भावाच्या पाठीत थाप मारली. भावानंही उलटून काहीतरी खास गावाकडची शिवी हासडली, आणि काकूंनी पदर तोंडाला लावला.

निघताना भाऊनं गल्लीचा हिशेब काढला. 1,650 आदल्या दिवशीच दिले होते. भांडी विकली गेली ती वेगळी. आपण शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचवलं, असं त्याला वाटत होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर जरा जास्तच दिसत होतं. नानांनी गल्लीच्या पैशातले मोजून दोन वाटे बाजूला काढले.

‘‘हे कुणाचे?’’

‘‘हाई भाता मारस तो पोरनं. हाई चिंच लाईसन भांडा घासस ती मावशीनं.’’ मग त्यांनी मान उंचावून गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीकडं बघितलं. ‘‘अन् तो? सकायपासून गाडीमाच बठेल शे. तो जेवना का?’’

भाऊ वळला. ड्रायव्हर पाय डॅशबोर्डवर टाकून बिस्किटाचा पुडा फोडत होता. ढाब्यावर पानामागं वीस रुपये कमी झाल्यापासून मालकानं ड्रायव्हरचं फुकट ताट बंद केलं होतं, आणि ते भाऊच्या गावीही नव्हतं.

‘‘जेवला नाहीस का रे?’’

‘‘जेवणाचं राहू द्या भाऊ,’’ ड्रायव्हर पाय खाली घेत म्हणाला. ‘‘रात्री नऊच्या पुढं गाडी चालली तर तासाचे वेगळे द्यायचे, असं तुम्ही पहिल्या सहलीला बोलला होता. वही काढलीच आहे तर ते लिहून घ्या. दिवाळीपासूनचे आहेत. माझ्याकडं तारखा आहेत.’’